आघाडीवरचे मृत्यू आणि त्यांची मोजदाद

कोविड-१९च्या महासाथीत जगभरात किती आरोग्य कर्मचारी दगावले, या प्रश्नाला जागतिक आरोग्य संघटनेने दिलेले उत्तर दोन टोकांमध्ये झुलणारे आहे : जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात किमान ८० हजार आणि कमाल १ लाख ८० हजार. या दोन टोकांत दुपटीहून अधिक अंतर पडावे, यावरूनच नोंदींची दशा कळते.

आघाडी म्हटले की अतिदक्षता विभाग आणि पीपीई किट डोळ्यांपुढे येते; परंतु बर्मिंगहॅमच्या रुग्णालयांत २०२०च्या वसंतात कर्मचाऱ्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, तपासली गेली, तेव्हा ती अतिदक्षता विभागात सुमारे १५ टक्के, तर सफाई कर्मचाऱ्यांत ३४ टक्क्यांच्या आसपास आढळली. अतिदक्षतेतला रुग्ण बाधित आहे हे ठाऊक असते आणि तोंडाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क हाताशी असतो. याउलट लक्षणे दिसण्याच्या दोन दिवस आधीपासूनच विषाणू पसरू लागत असल्याने जेथे कोणालाच संशय नसतो तेथे गालांपाशी फट राहणारा साधा मास्क तोकडा पडतो.

गल्लीतल्या दवाखान्याचे दुखणे नेमके हेच होते. एकाच खोलीत पडद्यामागे तपासणीचे टेबल असलेल्या डॉक्टरला बॅटरीच्या उजेडात घसा पाहायचा तर रुग्णाला ‘आ’ करायला सांगून त्याच्या श्वासाच्या टप्प्यात वाकण्यावाचून गत्यंतर नसते.

केंद्र सरकारने मार्च २०२०मध्ये सुमारे २२ लाख आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचे विमाकवच जाहीर केले आणि त्यात आशा सेविकाही होत्या. खासगी डॉक्टरांना मात्र सरकारने त्यांची सेवा कोविडकार्यासाठी अधिग्रहित केली असल्यासच, म्हणजे अधिकाराने मागून घेतली असल्यासच, हे कवच लागू होते. सप्टेंबर २०२०मध्ये आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अशा मृत्यूंची माहिती केंद्राकडे ठेवली जात नाही, असे संसदेत सांगण्यात आले, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने ३८२ मृत डॉक्टरांची यादीच प्रसिद्ध केली. सरकारपाशी नसलेली यादी डॉक्टरांच्या संघटनेपाशी असावी, ही गोष्ट विचित्रच म्हणायची. नवी मुंबईत पालिकेच्या नोटिशीनंतर दवाखाना उघडा ठेवून मृत्यू पावलेल्या एका डॉक्टरच्या कुटुंबाचा दावा मुंबई उच्च न्यायालयाने २०२१मध्ये फेटाळला. डिसेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अधिग्रहणाच्या वेगळ्या लेखी आदेशाचा आग्रह अमान्य केला. तथापि मृत्यू कोविडविषयक कर्तव्य बजावतानाच ओढवला, हे पुराव्यानिशी सिद्ध करण्याचा भार दावेदारांवरच राहिला.