विजेरी मोटारींचा खरा हिशेब: मथळा एका दिवसाचा, जबाबदारी पंधरा वर्षांची

विशेष प्रतिनिधी

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात १५ जुलै २०२५ रोजी टेस्ला या अमेरिकी कंपनीचे भारतातील पहिले दालन सुरू झाले आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींविषयीची चर्चा आपल्याकडे नव्याने रंगली. मोटारीची किंमत, आयात शुल्क, चार्जिंगची सोय यांवर भरपूर लिहिले गेले. मात्र या कंपनीच्या समभागांत पैसा गुंतवणाऱ्यांमध्ये अमेरिकेत गेली दीड दशके चाललेला एक वाद आपल्याकडे फारसा पोहोचलेला नाही. प्रसारमाध्यमे विजेरी मोटारींचे चित्र विपर्यस्त रंगवतात का, हा त्या वादाचा एक भाग. आज विकलेल्या मोटारीची दहा-पंधरा वर्षांनी दखल कोण घेणार, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर आवाज अधिक चढतात. गुंतवणूकदार आणि ग्राहक यांचे खरे हित मात्र दुसऱ्यात गुंतलेले आहे.

आगीची बातमी आणि बाजाराचा धसका

ऑक्टोबर २०१३ च्या पहिल्याच दिवशी अमेरिकेतील सिएटलजवळ केंट येथे टेस्लाच्या 'मॉडेल एस' मोटारीने पेट घेतला. रस्त्यावर पडलेला धातूचा तुकडा मोटारीखालील बॅटरीच्या कवचात घुसला होता. मोटारीनेच दिलेल्या सूचनेमुळे चालक वेळीच बाहेर पडला. त्याला इजा झाली नाही. मात्र जळत्या मोटारीची चित्रफीत सर्वत्र पसरली आणि दुसऱ्या दिवशी कंपनीचा समभाग सुमारे सहा टक्क्यांनी घसरला. त्याच दिवशी एका दलाली संस्थेने या समभागाचे मानांकन खाली आणले होते, ही गोष्ट आगीच्या मथळ्यांत झाकून गेली.

त्या काळात अमेरिकेत दरवर्षी दीड लाखांहून अधिक वाहनांना आगी लागत. त्यांतील फारच थोड्यांची बातमी होई. त्यामुळे टेस्लाचे गुंतवणूकदार संतापले, हे स्वाभाविक होते. पण केवळ आगींची संख्या मोजणे हीसुद्धा दिशाभूलच ठरते. विजेरी मोटारी तेव्हा संख्येने थोड्या होत्या आणि जवळपास सर्वच नव्या कोऱ्या होत्या. जुन्या, झिजलेल्या वाहनांशी त्यांची बरोबरी करणे योग्य नव्हते. स्वीडनच्या नागरी आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेने २०२२ साठी दिलेली आकडेवारी या बाबतीत अधिक उपयोगाची आहे. तेथे एक लाख विजेरी व संकरित मोटारींमागे आगीच्या ३.८ घटना घडल्या, तर सर्व इंधनांच्या मोटारी धरता हे प्रमाण ६८ होते. अर्थात येथेही वाहनांच्या वयातील फरक लक्षात ठेवावा लागतो. शिवाय लिथियम बॅटरीची आग विझवणे अवघड असते आणि विझल्यानंतरही ती पुन्हा भडकू शकते, हेही तितकेच खरे.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने नोव्हेंबर २०१३ मध्ये या आगींची चौकशी सुरू केली आणि मार्च २०१४ मध्ये ती बंद केली. दरम्यान कंपनीने मोटारींच्या तळाला टायटॅनियमचे संरक्षक कवच बसवण्याचे जाहीर केले होते. म्हणजे बातमीचा सूर भडक असला, तरी तिने दाखवलेली उणीव अगदीच काल्पनिक नव्हती.

परीक्षण की नाट्य?

मोटारींच्या परीक्षणांवरूनही असेच वाद झाले. ब्रिटनच्या बीबीसी वाहिनीवरील 'टॉप गिअर' कार्यक्रमाने डिसेंबर २००८ मध्ये टेस्लाची 'रोडस्टर' मोटार ५५ मैलांतच वीज संपून बंद पडेल, असे सांगितले आणि ती ढकलत नेण्याचे दृश्य दाखवले. चित्रीकरणात एकाही मोटारीची बॅटरी २० टक्क्यांखाली गेली नव्हती, असे सांगत कंपनीने २०११ मध्ये खटला भरला. लंडनच्या न्यायालयांनी कंपनीचा दावा फेटाळला. २०१३ मध्ये अपिलातही तेच घडले.

जानेवारी २०१३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या वार्ताहराची 'मॉडेल एस' कडाक्याच्या थंडीत कनेक्टिकटमध्ये बंद पडली आणि मालमोटारीवर चढवावी लागली. टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी मोटारीतील नोंदी जाहीर करून ते परीक्षण खोटे ठरवण्याचा प्रयत्न केला. वृत्तपत्राच्या वाचक संपादक मार्गारेट सुलिव्हन यांनी दोन्ही बाजू तपासल्या. वार्ताहराचा हेतू प्रामाणिक होता. मात्र प्रवासातील निर्णय आणि नोंदी यांत तो काटेकोर राहिला नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. थंडीत बॅटरीची धाव कमी होते, ही वस्तुस्थिती दोन्ही पक्षांच्या भांडणात मागे पडली.

दिशाभूल दोन्ही बाजूंनी

माध्यमांवरील रोष मे २०१८ मध्ये इतका वाढला, की पत्रकारांची विश्वासार्हता लोकांनीच ठरवावी यासाठी संकेतस्थळ काढण्याची कल्पना मस्क यांनी मांडली. टेस्लाचा भाव पडण्यावर पैसा लावणारे मंदीवाले तेव्हा मोठ्या संख्येने बाजारात होते आणि प्रतिकूल बातमीचा त्यांना लाभ होत होता, हे खरे. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, कंपनी बाजारातून काढून घेण्यासाठी पैशांची तजवीज झाल्याचे मस्क यांनीच ट्विटरवर जाहीर केले आणि भाव उसळला. ही घोषणा दिशाभूल करणारी असल्याचा आरोप अमेरिकी शेअर बाजार नियामकाने ठेवला. आरोप मान्य वा अमान्य न करता मस्क आणि टेस्ला यांनी प्रत्येकी दोन कोटी डॉलर भरून तडजोड केली.

निकोला कंपनीचे उदाहरण याहून बोलके आहे. हायड्रोजनवर चालणाऱ्या तिच्या मालमोटारीचे माध्यमांनी कौतुक केले होते. चित्रफितीत धावताना दिसणारी ती मालमोटार उतारावरून नुसती सोडून दिलेली होती, हे सप्टेंबर २०२० मध्ये उघड केले ते हिंडेनबर्ग रिसर्च या मंदीवाल्या संस्थेनेच. कंपनीचे संस्थापक ट्रेव्हर मिल्टन २०२२ मध्ये फसवणुकीबद्दल दोषी ठरले. मार्च २०२५ मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांकडून माफी मिळाली. त्याआधीच, फेब्रुवारीत, कंपनीने दिवाळखोरी अर्ज केला होता. सांगणाऱ्याचा स्वार्थ आहे म्हणून सांगितलेले खोटे ठरत नाही, हा धडा गुंतवणूकदारांना महाग पडला.

मोटारीचे 'आयुष्य' म्हणजे किती?

भडक मथळ्याच्या आड खरा प्रश्न कसा दडलेला असतो, हे 'रोडस्टर'च्या दुसऱ्या एका प्रकरणातून दिसले. ही मोटार चार्ज न करता दीर्घकाळ उभी ठेवल्यास बॅटरी कायमची निकामी होते आणि बदलण्याचा खर्च सुमारे ४० हजार डॉलर येतो, अशी बातमी फेब्रुवारी २०१२ मध्ये गाजली. अशा घटना मोजक्याच होत्या. तरीही तिच्या मुळाशी असलेली शंका रास्त होती. कंपनीने पुढे या जुन्या मोटारींसाठी अधिक क्षमतेची नवी बॅटरी काढली. 'रोडस्टर' सुमारे २,४५० एवढ्याच विकल्या गेल्या होत्या, हे लक्षात घेता ही सेवा उल्लेखनीय होती. मात्र ती सशुल्क होती.

नंतरचा प्रसंग अधिक विचार करायला लावणारा आहे. 'मॉडेल एस' आणि 'मॉडेल एक्स'च्या जुन्या मोटारींतील मध्यवर्ती पडद्यामागची स्मृतिचिप सततच्या नोंदींमुळे झिजून बंद पडू लागली. पडदा काळा झाला की मागचा कॅमेराही दिसेना. सुरक्षा यंत्रणेच्या आग्रहानंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये टेस्लाने सुमारे १ लाख ३५ हजार मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. ते करताना, असा सुटा भाग मोटारीच्या संपूर्ण आयुष्याला पुरावा ही अपेक्षा अवाजवी असल्याचे मतही कंपनीने नोंदवले. यंत्र आणि संगणक एकत्र आले, की कोणाचे आयुष्य प्रमाण मानायचे, हा तिढा येथे स्पष्ट झाला.

जपानच्या निस्सान कंपनीच्या ग्राहकांनाही तो जाणवला. ब्रिटनमधील जुन्या 'लीफ' मोटारींची मोबाइलवरून चालणारी सेवा एप्रिल २०२४ मध्ये बंद झाली. मोटारी चालत राहिल्या. ज्या जुन्या मोबाइल जाळ्यावर ती सेवा अवलंबून होती, त्याचे दिवस भरले होते.

कंपनीच उरली नाही तर?

फिस्कर कंपनीच्या 'ओशन' या मोटारी ऑस्ट्रियातील ग्राझ येथे मॅग्ना कंपनीच्या कारखान्यात तयार होत. २०२३ मध्ये दहा हजारांहून अधिक मोटारी तयार झाल्या. ग्राहकांच्या हाती त्यांतील निम्म्याही पडल्या नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये मार्केस ब्राउनली या यूट्यूबवरील परीक्षकाने आपण पाहिलेली ही सर्वांत वाईट मोटार असल्याचे सांगितले, तेव्हा सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येण्याआधीच परीक्षण केल्याची तक्रार झाली. जून २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी अर्ज केला.

त्यानंतरच्या घडामोडी परीक्षणापेक्षा गंभीर होत्या. सुटे भाग मिळेनात. सदोष मोटारींच्या दुरुस्तीची मजुरी ग्राहकांनी द्यावी, अशी भूमिका कंपनीने घेतली. सरकारी आक्षेपानंतर ती मागे घ्यावी लागली. उरलेल्या तीन हजारांहून अधिक मोटारी न्यूयॉर्कच्या एका भाडे कंपनीने विकत घेतल्या, तेव्हा मोटारींचा माहितीसाठा नव्या यंत्रणेवर हलवण्यातच तांत्रिक अडचण निघाली. अखेर मालकांनी स्वतःची संघटना उभारून सुट्या भागांची आणि सॉफ्टवेअरची सोय लावण्याची धडपड सुरू केली. दिवाळखोरीत समभागधारक देणेकऱ्यांच्या रांगेत सर्वांत शेवटी असतो. हमीपत्र हाती असलेला ग्राहकही तारण नसलेल्या देणेकऱ्यांतच मोडतो. तेजीवाला गुंतवणूकदार आणि हौशी ग्राहक, दोघांचेही नशीब एकाच ताळेबंदाला बांधलेले असते ते असे.

उलट उदाहरण जनरल मोटर्सचे. बॅटरीतील उत्पादन दोषामुळे 'बोल्ट' मोटारींना आगी लागल्या, तेव्हा ऑगस्ट २०२१ पर्यंत कंपनीने सुमारे १ लाख ४२ हजार मोटारी परत बोलावल्या. खर्चापोटी बॅटरी पुरवणाऱ्या एलजी कंपनीने १९० कोटी डॉलरपर्यंत रक्कम देण्याचे मान्य केले. मथळे येथेही भयंकर होते आणि ते खरेही होते. पण कंपनी आणि पुरवठादार दोघेही आर्थिकदृष्ट्या भक्कम असल्याने अनेक ग्राहकांच्या मोटारींत नवी बॅटरी बसली.

काय वाचावे?

प्रत्येक मोटार विकताना भावी दुरुस्तीसाठी कंपनी काही रक्कम बाजूला ठेवते. ही हमीची तरतूद वार्षिक अहवालात नमूद असते. विक्री वाढत असताना ती त्याच प्रमाणात वाढते का, प्रत्यक्ष खर्च तिच्या पुढे जातो का, हे पाहणे आगीच्या चित्रफितीपेक्षा उद्बोधक ठरते. तरतूद कमी दाखवली की आजचा नफा फुगतो; भार पुढच्या वर्षांवर पडतो.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. टाटांची 'नेक्सॉन ईव्ही' रांजणगावला, तर महिंद्रची 'बीई ६' चाकणला तयार होते. टाटांनी २०२५ मध्ये काही मोटारींच्या बॅटरीला पहिल्या मालकापुरती 'आजीवन' हमी जाहीर केली. तिचा अर्थ नोंदणीपासून १५ वर्षे असा आहे. ही हमी ग्राहकाला दिलासा देणारी आहे, तशीच ती कंपनीवरील दीर्घ मुदतीची जबाबदारीही आहे. जुनी मोटार घेणाऱ्या दुसऱ्या मालकाला तेवढे संरक्षण मिळत नाही, हे पुनर्विक्रीच्या वेळी ध्यानात घ्यावे लागेल.

त्यामुळे मोटार घेणाऱ्याने दालनात धाव किती हे विचारतानाच बॅटरीची हमी कोणाला, किती वर्षे आणि कोणत्या अटींवर, सुटे भाग किती काळ मिळतील आणि सॉफ्टवेअरची सेवा कधीपर्यंत चालू राहील, हे लेखी मागून घ्यावे. समभाग घेणाऱ्यानेही हेच प्रश्न कंपनीला विचारावेत. त्यांची उत्तरे टाळणाऱ्या कंपनीला माध्यमांच्या पक्षपाताची तक्रार करून फार काळ निभावता येणार नाही.