पुढचं बाळंतपण कुठं करायचं?

बाळंतपणाची गोष्ट निघाली की घरातली म्हातारी माणसं म्हणतात, "त्यात काय एवढं! आमची सात बाळंतपणं घरीच झाली." पुष्कळ बायकांची बाळंतपणं सुखरूप होतात, हे खरं आहे. पण जिला मागच्या खेपेला त्रास झाला, तिची गोष्ट निराळी. कुठं जायचं हे तिनं कळा सुरू झाल्यावर ठरवून चालत नाही. ते आधीच ठरवावं लागतं. कसं ठरवायचं, ते आम्ही या पाठात सांगणार आहोत.

आधी एका घरची गोष्ट ऐका. घर आमच्या ओळखीचं आहे. नाव सांगत नाही.

या घरच्या सुनेचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरी झालं. दवाखाना घराजवळच होता. मुलगा झाला. साखर वाटली. पण वार पडेना. अंगावरून रक्त जाऊ लागलं, ते थांबेना. नर्सबाईंनी इंजेक्शन दिलं आणि गाडी बोलावली. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टर होते, पण रक्त नव्हतं. पुन्हा गाडी, पुन्हा रस्ता. जिल्ह्याच्या गावी पोचेपर्यंत पोरीचे हातपाय गार पडले होते. तिथं डॉक्टरांनी वार काढली, रक्ताच्या तीन बाटल्या चढवल्या. पोर वाचली. थोडक्यात वाचली.

तीन वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले. या खेपेला ती सासरी होती. घरात बोलणी सुरू झाली.

सासूबाई म्हणाल्या, "गावातल्या उपकेंद्रात करू. नर्सबाई ओळखीच्या आहेत."

दीर म्हणाला, "बाजारपेठेत खाजगी दवाखाना झालाय. फरशी कशी आरशासारखी! पैसे जाऊ देत, पण तिथंच नेऊ."

आई माहेरून म्हणाली, "पोरीला माझ्याकडं पाठवा."

तिघांचंही सुनेवर प्रेम होतं. पण मागं काय झालं होतं आणि ते पुन्हा झालं तर काय लागेल, हे कोणीच विचारलं नाही. विचारलं ते आशाताईंनी.

त्या म्हणाल्या, "वार एकदा अडकली, रक्त एकदा फार गेलं, की पुढच्या खेपेलाही तसं होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा जास्त असतो. होईलच असं नाही. पण झालं तर वेळ फार थोडा मिळतो."

किती थोडा? मूल झाल्यावर रक्त जोरात जाऊ लागलं, तर दोन तासांतसुद्धा बाईचा जीव जाऊ शकतो. आता तुम्हीच हिशेब करा. गाडी यायला अर्धा तास. तालुक्याला पोचायला एक तास. तिथून पुढं पाठवलं, की आणखी एक तास. हिशेब जुळत नाही. म्हणून रक्त आणि डॉक्टर यांच्या मागं धावण्यापेक्षा, ते जिथं आहेत तिथं आधीच जाऊन राहावं.

कोणी जास्त जपायचं?

मागच्या खेपेला पुढीलपैकी काही झालं असेल, तर या खेपेला मोठ्या दवाखान्याचा विचार करा.

वार अडकली होती, किंवा रक्त फार गेलं होतं.

सिझर झालं होतं. सिझरमध्ये गर्भपिशवीला टाके घालतात. पुढच्या खेपेला कळांच्या जोरानं ती जागा उसवू शकते. असं क्वचित होतं, पण झालं तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. एकदा सिझर झालेल्या पुष्कळ बायका पुढं नॉर्मल बाळंत होतात. पण ते जिथं ताबडतोब ऑपरेशन होऊ शकतं, तिथंच व्हावं. कधी कधी वार जुन्या टाक्यांच्या जागी चिकटते. ते सोनोग्राफीत आधी दिसू शकतं. म्हणून अशा बाईनं सोनोग्राफी टाळू नये.

रक्तदाब वाढला होता, किंवा झटके आले होते. अशा बाईनं तीन महिन्यांच्या आतच नाव नोंदवावं. रक्तदाब पुन्हा वाढू नये म्हणून डॉक्टर सुरुवातीपासून गोळी देऊ शकतात. उशिरा गेलं तर त्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

कळा फार वेळ चालल्या होत्या, मूल अडलं होतं, मूल पोटात गेलं होतं, किंवा दिवस भरायच्या फार आधी झालं होतं.

मागं काही झालं नसलं तरी या खेपेला जुळं असेल, मूल आडवं असेल, किंवा अंगात रक्त फार कमी असेल, तरीही जपावं. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असलं तर रक्त कमी समजतात. ७ च्या खाली असलं तर फारच कमी. बाळंतपणात इतरांना सोसवेल एवढं रक्त गेलं तरी अशा बाईला ते सोसत नाही.

दवाखान्या-दवाखान्यांत फरक

सरकारी दवाखाने पायरीपायरीनं मोठे होत जातात. गावाजवळ उपकेंद्र. तिथं नर्सबाई असतात. त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथं डॉक्टर असतात. साधं बाळंतपण तिथं चांगलं होतं. त्यावर ग्रामीण रुग्णालय, साधारण ३० खाटांचं. त्यावर उपजिल्हा रुग्णालय, ५० किंवा १०० खाटांचं. सगळ्यांत वर जिल्हा रुग्णालय आणि मोठ्या कॉलेजांची रुग्णालयं.

पण पाटी वाचून सगळं कळत नाही. एका ग्रामीण रुग्णालयात ऑपरेशन होतं, दुसऱ्यात होत नाही. खाजगी दवाखान्याचंही तसंच. फरशी चकचकीत आहे म्हणजे आत रक्त आहे, असं नव्हे. म्हणून विचारायचं. हाताची पाच बोटं, तसे हे पाच प्रश्न.

१. ऑपरेशन करणारे डॉक्टर रात्री आणि सुट्टीच्या दिवशीही येतात का?

२. भूल देणारे डॉक्टर आहेत का? भूल दिल्याशिवाय ऑपरेशन होत नाही.

३. रक्त तिथंच मिळतं का? नसेल तर कुठून आणतात, आणि किती वेळ लागतो?

४. बाळ अशक्त झालं तर त्याला पेटीत ठेवायची सोय आहे का?

५. आपल्या घरून तिथं पोचायला रात्रीच्या वेळी आणि पावसाळ्यात किती वेळ लागतो?

पाचही उत्तरं नीट मिळाली, तर तो दवाखाना तुमच्या कामाचा.

नवरा विचारून आला

आमच्या गोष्टीतल्या सुनेचा नवरा शहाणा निघाला. सातव्या महिन्यात एका दिवसाची मजुरी बुडवून तो स्वतः गेला आणि विचारून आला.

आधी खाजगी दवाखान्यात गेला. तिथं सांगितलं, "ऑपरेशनचे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात." घरी आल्यावर तो म्हणाला, "बाळंतपण काय वार बघून येतंय?"

मग ग्रामीण रुग्णालयात गेला. तिथं डॉक्टर चांगले होते. त्यांनी खरं ते सांगितलं, "भूल देणारे डॉक्टर दुसऱ्या गावाहून बोलवावे लागतात. तुमच्या बायकोला आधी एवढा त्रास झाला आहे, तर जिल्ह्याला न्या. मी चिठ्ठी देतो."

जिल्हा रुग्णालयात डॉक्टर होते, रक्त होतं, बाळाची पेटी होती. पण गर्दीही होती. सासूबाईंना ते पटेना. "एवढ्या गर्दीत पोरीकडं कोण बघणार?"

तेव्हा सून स्वतः बोलली, "आत्याबाई, मागच्या खेपेला मी गाडीत पडून होते. तेव्हा भोवती गर्दी नव्हती. आणि रक्तही नव्हतं."

पुढं कोणी काही बोललं नाही. जिल्ह्याचंच ठरलं.

कागद जपा

ठरलं, पण एक अडचण निघाली. डॉक्टरांनी मागचे कागद मागितले. कागद माहेरी राहिले होते. आईनं ट्रंकेतून ते शोधून काढले, तेव्हा कळलं की वार हात घालून काढावी लागली होती. घरात कोणालाही हे ठाऊक नव्हतं. सगळे नुसतं "रक्त गेलं, रक्त गेलं" म्हणत होते.

डॉक्टरांना हे कळणं फार गरजेचं असतं. म्हणून दवाखान्यातून घरी येताना कागद मागून घ्या. डॉक्टरांचं अक्षर लागत नसेल तर तिथंच विचारा, "काय झालं होतं? पुढच्या खेपेला काय जपायचं?" आणि उत्तर आपल्या हातानं वहीत लिहून ठेवा. तुम्ही आता लिहायला शिकलात. त्या शिकण्याचा याहून चांगला उपयोग कोणता? माता-बाल संरक्षण कार्डाबरोबर ती वही पिशवीत ठेवा. बाई माहेरी जावो नाहीतर सासरी, कागद तिच्याबरोबर गेले पाहिजेत.

खर्चाचं काय?

२०११ सालापासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे. सिझर, औषधं, तपासण्या आणि रक्तही मोफत. दवाखान्यात असेपर्यंत बाळंतिणीला जेवण मिळतं. घरून नेण्याची, एका दवाखान्यातून दुसऱ्यात नेण्याची आणि घरी परत आणण्याची गाडीही मोफत असते. हा तुमचा हक्क आहे. संकोच करू नका.

२०१६ सालापासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची डॉक्टरांकडून तपासणी होते. जिला धोका दिसतो, तिच्या कार्डावर लाल खूण चिकटवतात. लाल खूण बघून घाबरू नका. ती या बाईला जास्त जपा, असं सांगते. तुमच्या कार्डावर ती असेल तर विचारा, "मी बाळंतपणाला कुठं जाऊ?"

जायची तयारी

दवाखाना लांब असेल तर कळांची वाट बघू नका. डॉक्टरांना विचारून दिवस भरायच्या आधीच जवळ जाऊन राहा. रक्तगट तपासून कार्डावर लिहून घ्या. रक्त द्यायला दोन-तीन धडधाकट माणसं सांगून ठेवा. घरची पोरं कोण सांभाळणार, गुरांचं कोण बघणार, तेही ठरवा. आणि वेळेआधी कळा आल्या, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं, तर १०८ ला फोन करा. आशाताईंचा नंबर भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा.

आमच्या गोष्टीतली सून दहा दिवस आधी जिल्ह्याच्या गावी मावशीकडं जाऊन राहिली. एका रात्री कळा आल्या. पहाटे मुलगी झाली. आणि वार पुन्हा अडकली. रक्त पुन्हा जाऊ लागलं.

पण या खेपेला डॉक्टरांना ते आधीच माहीत होतं. हाताला सलाइन लावलेली होती. भूल देणारे डॉक्टर तिथंच होते. वार काढली, औषधं दिली, रक्ताची एक बाटली चढवली. दुखणं तेच होतं, जागा मात्र बरोबर होती. सकाळी सून उठून चहा प्याली.

सासूबाई आता वाडीतल्या प्रत्येक गरोदर बाईला विचारतात, "मागच्या खेपेला काय झालं होतं गं? कागद कुठं आहेत?"

तुमच्या घरी, शेजारी अशी कोणी बाई असेल, तर हा पाठ तिला वाचून दाखवा. तिच्या नवऱ्यालाही वाचून दाखवा. पाच प्रश्न वहीत उतरून घ्या आणि दवाखान्यात जाऊन विचारा.