पाक्योंग : धावपट्टी आहे, मग विमान का उतरत नाही?

सिक्कीममध्ये एवढा खर्च करून विमानतळ बांधला, मग तिथली विमानं सारखी रद्द का होतात? आज हेच समजून घेऊ.

पाक्योंग गंगटोकपासून साधारण ३० किलोमीटरवर, तर चीनच्या सीमेपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. उंची सुमारे ४,५०० फूट. सप्टेंबर २०१८ मध्ये उद्घाटन झालं. तोवर सिक्कीमला चालू विमानतळच नव्हता. इथे एका बाजूने डोंगर कापला, दरीच्या बाजूने भराव घातला आणि तो धरून ठेवायला सुमारे ८० मीटर उंच भिंत बांधली. तरी धावपट्टी मिळाली १.७ किलोमीटरची. मी राहतो त्या वाराणसीत, बाबतपूरची धावपट्टी जवळजवळ पावणेतीन किलोमीटर आहे. म्हणून पाक्योंगला सत्तर-ऐंशी आसनांची पंख्याची विमानंच आली.

पण खरी अडचण लांबीची नाही, दिसण्याची आहे. बाबतपूरला आयएलएस आहे. जमिनीवरून निघणाऱ्या रेडिओ लहरी वैमानिकाला सरळ, हलक्या उताराने धावपट्टीपर्यंत आणतात. त्यासाठी समोर कित्येक किलोमीटर मोकळी वाट लागते, आणि उतरणं फसलं तर पुन्हा वर चढायलाही जागा लागते. डोंगरांच्या कुशीत ती कुठून आणणार? पाक्योंग आयएलएसविना सुरू झाला. वैमानिकाला साधारण ५ किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसलं तरच उतरता येई. जून २०१९ मध्ये प्रवासी सेवा थांबली, ती जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली.

धावपट्टी कुचकामी आहे असं मात्र समजू नका. जानेवारी २०१९ मध्ये हवाई दलाचं एएन-३२ तिथे उतरलं. पण लष्करी हिशेबात प्रश्न वेगळा असतो : गरज पडेल त्याच दिवशी ती वापरता येईल का? पावसाळ्यात तीस्ताकाठचा राष्ट्रीय महामार्ग १० दरडींनी बंद पडतो, आणि नेमके तेव्हाच ढग पाक्योंगवर उतरतात. रस्ता आणि आकाश एकदमच बंद. मग रुग्ण अडकतो, रजेवर निघालेला जवानही अडकतो.

उपाय आहे. न्यूझीलंडच्या क्वीन्सटाउनला डोंगरांमधून उपग्रहाच्या आधाराने आखलेल्या वळणदार मार्गाने विमानं उतरतात. त्याला विमानात खास उपकरणं आणि वैमानिकांना खास प्रशिक्षण लागतं. तोही खर्च विमानतळाचाच धरायला हवा.

आणि तोवर? सीमेवरचा रस्ता आधी पक्का करा. विमानतळ त्याच्या जोडीला असतो, बदली नाही. तुम्ही सिक्कीमला जाणार असाल तर सेवा चालू आहे का ते आधी पाहा, आणि बागडोगऱ्याहून रस्त्याने जायला एक दिवस हाताशी ठेवा.