तेरा जादा सेकंद

झेब्रा क्रॉसिंग कुठल्या राजरस्त्यावर जन्मलं असेल असं वाटत असेल, तर थांबा! ते जन्मलं स्लाउमध्ये. लंडनच्या पश्चिमेला असलेलं हे गाव कारखान्यांमागोमाग भराभर वाढलं, आपल्या चिंचवडसारखं. तिथे 31 ऑक्टोबर 1951 रोजी पहिले अधिकृत काळे-पांढरे पट्टे रस्त्यावर उमटले. त्याआधी ब्रिटनमध्ये रस्ता कुठून ओलांडायचा हे कडेच्या खांबांवरचे नारिंगी गोळे सांगत (हे 1934 पासून), आणि रस्त्यात ठोकलेली धातूची बटणं. ही बटणं चालणाऱ्याला दिसत, पण गाडी चालवणाऱ्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असे. म्हणून नाना रंगांचे पट्टे मारून पाहिले आणि काळा-पांढरा जिंकला. म्हणजे पट्टे मुळात चालकाच्या डोळ्यांसाठी आहेत. नव्या डीपी रस्त्यावरचे पट्टे पुसट झाले की तिथलं क्रॉसिंग संपलंच म्हणायचं.

पट्टे नव्हते तेव्हाही लोकांनी डोकं लढवलंच होतं. पॉम्पेईच्या रस्त्यांत दोन हजार वर्षांपूर्वीचे उंच दगड आजही जागेवर आहेत. खालच्या घाण पाण्यात पाय न बुडवता लोक त्यांवरून पलीकडे जात, आणि गाड्यांची चाकं दगडांमधल्या फटींतून जात. गाडीवानाला तिथे जपूनच हाकावं लागत असणार. आजचं टेबल-टॉप क्रॉसिंग हेच करतं: रस्ताच फुटपाथच्या उंचीला आणायचा, म्हणजे चालणाऱ्याला उतरावं लागत नाही आणि गाडीला वेग कमी करावाच लागतो. शाळेसमोर यासारखं दुसरं काही नाही!

आता थोडं गणित. सिग्नल आखताना माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो असं धरतात. 18 मीटर रुंद रस्ता ओलांडायला त्याला 15 सेकंद लागतात. पण गुडघे दुखणाऱ्या आजी सेकंदाला 0.8 मीटरच चालल्या, तर त्यांना 22 सेकंदांहून जास्त हवेत. हे जादा सेकंद कुठून आणायचे? सिंगापूरने 2009 मध्ये उत्तर शोधलं. ज्येष्ठ नागरिकाने आपलं कार्ड सिग्नलच्या खांबाला लावायचं, की हिरवा माणूस 3 ते 13 सेकंद जास्त थांबतो. किती माया आहे या कल्पनेत! कार्डाची सोय नसेल तर रस्त्याच्या मधोमध उभं राहायला सुरक्षित बेट करा. मग 18 मीटरच्या एका धावपळीऐवजी नऊ-नऊ मीटरचे दोन टप्पे होतात, आणि एका वेळी एकाच बाजूला पाहावं लागतं.

न्यूयॉर्कसमोर, हडसन नदीच्या पलीकडे होबोकन नावाचं दाटीवाटीचं छोटं शहर आहे. 2017 नंतर सलग सात वर्षांहून अधिक काळ तिथे रस्ता अपघातात एकही माणूस गेला नाही. त्यांच्या उपायांतला सगळ्यात साधा म्हणजे चौकाच्या कोपऱ्यांवर पार्किंग बंद. कोपरा मोकळा झाला की मूल आणि चालक एकमेकांना वेळेवर दिसतात. आपल्याकडे कोपऱ्यावर टेम्पो, रिक्षा आणि वडापावची गाडी एकत्र उभी असते, आणि मुलं त्यांच्या आडून रस्त्यात येतात. तिथून गाड्या हलवायला कोट्यवधी लागत नाहीत.

कोट्यवधी लागतात ते पुलांना. मुंबई महानगरातला पहिला स्कायवॉक 2008 मध्ये वांद्रे स्थानकापासून कलानगरकडे झाला, मग इतर उपनगरांतही झाले. स्थानकाच्या गर्दीतून सुटायला ते बरे. पण साधा रस्ता ओलांडायला जिने चढा, चालत जा, पुन्हा उतरा, हा दंड चालणाऱ्यालाच का? माझं मत ठाम आहे: वसाहतीतली वाट जमिनीवरूनच जावी.

जाता जाता: सिग्नल हा प्रकारच पायी चालणाऱ्यांमुळे सुरू झाला. 1868 मध्ये लंडनच्या संसदेजवळ लोकांना रस्ता ओलांडता यावा म्हणून गॅसच्या दिव्यांचा पहिला सिग्नल लागला. महिन्याभरात त्याचा स्फोट झाला आणि पोलीस जखमी झाला. पूर्व बर्लिनच्या कार्ल पेग्लाऊ यांनी 1961 मध्ये सिग्नलला टोपीवाला छोटा माणूस दिला, आणि 2020 मध्ये दादर परिसरातल्या सिग्नलवर फ्रॉकमधली बाई आली. मुली त्या दिव्याकडे बोट दाखवतात ना, तेव्हा फार बरं वाटतं.

हसण्यावारी नेण्याजोगा मात्र हा विषय नाही. 2022 मध्ये भारतात 32 हजारांहून अधिक पादचारी रस्त्यावर मृत्युमुखी पडले. ताशी 50 किलोमीटरने येणारी गाडी चालकाने ब्रेक दाबायचा विचार करेपर्यंतच, एका सेकंदात, 14 मीटर पुढे येते. ताशी 30 ने फक्त आठ. हेलसिंकीत निम्म्याहून अधिक रस्त्यांवर 30 ची मर्यादा आहे, आणि जुलै 2024 पासून वर्षभरात तिथे वाहतुकीत एकही मृत्यू झाला नाही.

वाकड, रावेत, बदलापूर इथे अजून रस्ते पडतायत, खडी पसरतेय. दुभाजकात मधलं बेट आत्ता आखलं तर ते रस्त्याच्याच कामात होतं. डांबरीकरण उरकल्यावर तोच रस्ता पुन्हा फोडावा लागतो. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, मोजपट्टीने रस्त्याची रुंदी मोजा, 0.8 ने भागा, आणि येणारा आकडा लिहून क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्या. हिरवा दिवा तेवढे सेकंद तरी मिळायलाच हवा.