रस्त्यावरून थेट नदीत

अमेरिकेतील बोस्टन शहरात पर्यटकांना शहर दाखवणारी एक वेगळीच बस १९९४ पासून धावत आहे. एका परिषदेच्या निमित्ताने त्या शहरात जाणे झाले तेव्हा आम्हीही तिच्यातून फिरलो. बस सोनेरी घुमटाच्या स्टेट हाउससमोरून, जुन्या गल्ल्यांतून, इतर मोटारींच्या गर्दीतून चारचौघींसारखी जाते. बसल्या जागी चालकाची बडबड ऐकावी. तो पर्यटकांकडून बदकासारखा आवाजही काढून घेतो, कारण या गाड्यांना तिथे ‘डक’ म्हणजे बदक असेच म्हणतात. मग गाडी चार्ल्स नदीच्या काठच्या उतारावर येते आणि सरळ पाण्यात शिरते. एक मोठा फवारा उडतो, मुले किंचाळतात, आणि पुढची सुमारे वीस मिनिटे बस ही होडी असते. नदीतून एका बाजूला बोस्टनच्या इमारती व दुसऱ्या बाजूला केंब्रिजच्या काठावरची एम.आय.टी. दिसते. मुलांना थोडा वेळ चाक हाती धरू देतात, ही त्यांच्या दृष्टीने सहलीतली सर्वांत मोठी गोष्ट.

एवढी जड गाडी तरंगते कशी, असे विद्यार्थी प्रथम विचारतील. त्याचे उत्तर आपल्या पाठ्यपुस्तकात आहे. आम्हाला मात्र दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या गाडीच्या बुडातून चाके फिरवणारे दांडे बाहेर आले आहेत, त्या गाडीत पाणी शिरत कसे नाही? आणि शिरलेच तर पुढे काय?

या गाड्यांचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. बंदर हाती नसताना जहाजातले सामान किनाऱ्यावर आणायचे तर ते होडीत उतरवायचे, वाळूवर पुन्हा उतरवायचे आणि मग ट्रकमध्ये भरायचे. ही दुहेरी हमाली वाचवण्यासाठी १९४२ साली जनरल मोटर्सच्या अडीच टनी, सहा चाकी ट्रकभोवती पोलादी होडीचे अंग बांधण्यात आले. आराखड्याच्या कामात नौकारचनाकार रॉड स्टीफन्स, ब्रिटिश दर्यावर्दी डेनिस प्युलस्टन आणि एम.आय.टी.तून आलेले फ्रँक स्पीअर होते. वाहनाचे नाव पडले ‘डीयूकेडब्ल्यू’. ही कंपनीची सांकेतिक अक्षरे आहेत: डी म्हणजे १९४२ चा नमुना, यू म्हणजे वाहनाचा प्रकार, के म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद, आणि डब्ल्यू म्हणजे मागे ताकद मिळणारे दोन आस. उच्चार ‘डक’ च्या जवळ जाणारा, म्हणून सैनिकांनी त्याचे बदक केले.

लष्करातील वरिष्ठांना ही कल्पना फारशी पसंत नव्हती. परंतु डिसेंबर १९४२ मध्ये प्रॉव्हिन्सटाउन या गावाजवळ तटरक्षक दलाची एक गस्ती नौका वाळूच्या दांड्यावर रुतली. वादळामुळे साध्या होड्या तिच्यापर्यंत पोहोचू शकत नव्हत्या. प्रात्यक्षिकासाठी जवळच आणलेले डक गेले आणि नौकेवरील सातही जणांना घेऊन आले. पुढे सिसिली व नॉर्मंडीच्या किनाऱ्यांवर ही वाहने वापरली गेली आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे २१ हजार तयार झाली. युद्धानंतर ती भंगाराच्या मोलाने मिळू लागली, तेव्हा १९४६ साली विस्कॉन्सिन डेल्स येथे त्यांतून पर्यटकांना फिरवण्याचा धंदा सुरू झाला.

आता थोडा हिशेब करू. मूळ डक सुमारे ९.४ मीटर लांब व २.५ मीटर रुंद असून रिकामे असताना त्याचे वजन सुमारे ६ टन भरते. सोयीसाठी ते आयताकृती डबा आहे असे मानू. तळाचे क्षेत्रफळ सुमारे २३.५ चौरस मीटर झाले. असा डबा पाण्यात १ सेंटिमीटर खाली गेला की ०.२३५ घनमीटर, म्हणजे २३५ किलोग्रॅम पाणी बाजूला सारतो. सरासरी ७० किलोचे ३० पर्यटक चढले तर २,१०० किलो वजन वाढले, आणि गाडी आणखी ९ सेंटिमीटर बुडाली. प्रत्यक्षात होडीचा तळ निमुळता असतो, चाकांसाठी त्यात खोबणी असतात, म्हणून ती याहून बरीच जास्त बुडते. पण अंदाज यायला आपला डबा पुरेसा आहे. रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर जाणारी ही गाडी पाण्यात ताशी १० किलोमीटरच जाते. बुडाखालची चाके आणि आस पाण्यातून ओढत न्यावे लागतात, हे त्याचे एक कारण.

उतारावरचा क्षण पाहण्यासारखा असतो. पुढची चाके आधी तरंगतात, मागची अजून जमिनीवर ढकलत असतात. चालकाने तोवर मागचा पंखा सुरू केलेला असतो. सुकाणू मोटारीच्याच चाकाला जोडलेले असते. बाहेर येताना हाच क्रम उलटा होतो.

पाण्याकडे वळू. होडीचे अंग अखंड असते. डकचे तसे नाही. तिच्या तिन्ही आसांना इंजिनाची ताकद द्यावी लागते, म्हणजे फिरते दांडे अंगाच्या पत्र्यातून बाहेर काढावे लागतात. पंख्याचा दांडाही तसाच बाहेर जातो. शिवाय साचलेले पाणी जमिनीवर आल्यावर काढून टाकण्यासाठी तळाला बुचे असतात. दांड्यांच्या भोकांवर रबरी पिशवीसारखी आवरणे पट्ट्यांनी आवळून बसवलेली असतात. चाक खड्ड्यात गेले की आस हलतो, आणि प्रत्येक हालचालीबरोबर ते रबर ताणले जाते. म्हणजे दिवसभर रस्त्यावर हिसके खाल्लेल्या रबरावर संध्याकाळी होडीची भिस्त असते. साधी बस असे हिसके खाते तेव्हा फार तर कुरकुरते. इथे प्रश्न पाणी शिरण्याचा असतो.

मूळ रचनाकारांना हे पुरते ठाऊक होते. पाणी येणारच असे धरून त्यांनी मोठ्या क्षमतेचा पंप बसवला. पातळ पत्र्याला ५ सेंटिमीटर व्यासाचे भोक पडले तरी पंप चालू असेपर्यंत वाहन तरंगत राही. यातले ‘पंप चालू असेपर्यंत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत.

पाण्याखाली ६० सेंटिमीटर खोलीवर १० चौरस सेंटिमीटरची फट आहे असे समजा. ही फट आपल्या दोन बोटांएवढी. ठरावीक उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग काढण्याचे सूत्र इथेही चालते: वेग येतो सेकंदाला सुमारे ३.४ मीटर. धार आत शिरताना आकसते हे लक्षात घेतले तर सेकंदाला सुमारे २ लिटर पाणी आत येईल, म्हणजे १० मिनिटांत १,२०० लिटर! सव्वा टन वजन, तेही एका जागी न राहणारे. गाडी मागे झुकली की सगळे पाणी मागे धावते, त्यामुळे ती आणखी झुकते. फट अधिक खोल जाते आणि धार वाढते. शेवटी मागची कड पाण्याच्या पातळीला येते, आणि त्यानंतर फट मोठी की लहान याला काही अर्थ उरत नाही. सारे पाणी कडेवरून आत येते.

१ मे १९९९ रोजी अर्कान्सा राज्यातील हॉट स्प्रिंग्जजवळच्या हॅमिल्टन सरोवरात नेमके हेच घडले. ‘मिस मॅजेस्टिक’ नावाच्या डकमध्ये २१ जण होते. मागच्या दांड्यावरचे रबरी आवरण निसटले, पाणी शिरले आणि पाण्यात उतरल्यानंतर काही मिनिटांत गाडी मागच्या बाजूने तळाला गेली. १३ जण मृत्यू पावले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. देखभालीतली हेळसांड हे मुख्य कारण सांगून मंडळाने दोन गोष्टी ठामपणे मांडल्या: पाण्याने भरली तरी तरंगण्याइतकी राखीव प्लावकता या गाडीत नाही, आणि डोक्यावरच्या अखंड छतामुळे माणसे आत अडकली.

छताचा मुद्दा शिकवण्याजोगा आहे. ऊन-पावसासाठी पर्यटकांच्या डोक्यावर कापडी छत ताणलेले असते. बसच्या दृष्टीने ही सोयच. पण गाडी खाली जाऊ लागली की जीवरक्षक जाकीट घातलेला माणूस वर उचलला जातो आणि छताला चिकटतो. सुटकेसाठी त्याला आधी खाली बुडी मारायला हवी, आणि जाकीट ती मारू देत नाही. म्हणजे जीव वाचवणारे बल छताखाली त्याच माणसाला अडकवते. म्हणूनच मंडळाचे म्हणणे होते की पाण्यात उतरण्यापूर्वी छत काढा आणि मग जाकिटे घालायला लावा. एक करून दुसरे न करणे धोक्याचे आहे.

राखीव प्लावकता ऐकायला सोपी वाटते. रिकाम्या जागेत हलका फोम भरला की झाले! पण किती भरायचा? बुडालेल्या पोलादाचे वजन सुमारे एक-अष्टमांशानेच कमी होते. ६ टनांच्या गाडीला पाण्याने भरल्यावरही धरून ठेवायचे तर सुमारे सव्वापाच टन उत्प्लावक बल हवे, म्हणजे सव्वापाच घनमीटर फोम. दहा बाय दहा फुटांच्या खोलीत तो जमिनीपासून जवळजवळ दोन फुटांपर्यंत येईल. एवढी जागा इंजिन, दांडे आणि आसनांमधून काढायची आहे. इंग्लंडमध्ये २०१३ साली या अडचणीच्या दोन्ही बाजू दिसल्या. जूनमध्ये लिव्हरपूलच्या एका गोदीत प्रवाशांसह एक डक बुडाले. सर्वजण वाचले, पण आत पुरेसा फोम नव्हता असे चौकशीत दिसले. सप्टेंबरमध्ये लंडनला टेम्स नदीत दुसऱ्या डकला आग लागली आणि प्रवाशांना पाण्यात उड्या घ्याव्या लागल्या. तिथे फोम भरलेला होता; फिरत्या दांड्याशी घासून तेलकट झालेला फोम तापून पेटला असावा, असा निष्कर्ष निघाला. आमच्या मते हे दोष कारागिरांच्या माथी मारून चालणार नाही. ट्रकच्या पोटात होडी बसवताना जागा अपुरीच पडते.

हॉट स्प्रिंग्जनंतरच्या शिफारशी बऱ्याच अंशी कागदावर राहिल्या. १९ जुलै २०१८ रोजी मिसुरी राज्यात ब्रॅन्सनजवळच्या टेबल रॉक सरोवरात एक लांबवलेले डक वादळाचा इशारा असताना पाण्यात उतरले. लाटांचे पाणी नाकाजवळच्या हवेच्या झडपेतून आत गेले. छत जागेवर होते, बाजूचे पडदे खाली सोडलेले होते. ३१ पैकी १७ जण बुडाले. पहिल्या अपघाताला तोवर १९ वर्षे झाली होती. त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि २०२३ मध्ये तटरक्षक दलाने नियम काढले. छत व पडदे काढावेत, किंवा सुटकेला अडथळा येणार नाही असे छत बसवावे. तळाची अनावश्यक बुचे कायमची बंद करावीत आणि अंगातून जाणारी भोके कमीत कमी ठेवावीत. युद्धकाळातल्या आराखड्यातले दोष असे ऐंशी वर्षांनी एकेक करून बुजवले जात आहेत.

आपल्याकडेही डिसेंबर २०१६ मध्ये पंजाबातील हरिके पाणथळीत अशी बस सुरू झाली होती. ती फार काळ चालली नाही.

वर्गात यातले बरेच करून पाहता येते. बिस्किटांचा पत्र्याचा डबा घ्यावा, तळाला खिळ्याने एक भोक पाडावे आणि बादलीत सोडून तो बुडायला लागणारा वेळ मोजावा. भोक थोडे मोठे करून पुन्हा मोजावा. डब्यात थोडी खडी मागच्या बाजूला ठेवली तर कोणती कड आधी बुडते तेही पाहावे. नंतर डब्यात थर्मोकोलचे तुकडे चिकटवत जावे आणि पाण्याने काठोकाठ भरल्यावरही डबा तळाला जात नाही, तिथे थांबावे. त्या तुकड्यांचे घनफळ काढून वहीत लिहावे व डब्याच्या वजनाशेजारी मांडावे. खडीचे वजनही त्यात धरायला विसरू नये.