रिपोर्ट नॉर्मल, तरी मनगट मोडलं

पावसाळा लागला की अंबरनाथच्या माझ्या दवाखान्यात मनगट धरून बायका येतात. कुणी लोकलच्या घाईत बदलापूरला जिन्यावर घसरलेली, कुणी उल्हासनगरात बाजार करून येताना. तोल गेला, हात टेकला, एवढंच. वय पन्नाशीपुढचं, पाळी गेलेली. शुगरचं विचारलं की उत्तर ठरलेलं: "बॉर्डरवर आहे मॅडम, गोळी नाही."

बॉर्डरवरच्या शुगरचा हाडांशी संबंध असतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. अमेरिकेत मध्यमवयीन बायकांवर चाललेल्या 'स्वान' अभ्यासाने 2023 मध्ये दाखवलं की पाळी जाण्याआधीच ज्यांची शुगर अशी काठावर होती, त्यांची हाडं पुढे जास्त प्रमाणात मोडली.

हाड सतत झिजतं, सतत भरून निघतं. झिजेला आवर घालणारं इस्ट्रोजेन पाळी गेल्यावर घटतं. त्याच सुमारास पोट सुटतं आणि शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होतं. हाड बांधणाऱ्या पेशींनाही इन्शुलिन लागतं. वर रक्तातली जादा साखर हाडातल्या कोलॅजन या प्रथिनाला चिकटते आणि त्याची लवचीकता घालवते. बाहेरून काँक्रीट शाबूत, आतली सळई गंजलेली, असा प्रकार. डेक्सा तपासणी हाडातली खनिजं किती दाट आहेत ते मोजते. कोलॅजनचं तिला कळत नाही. शिवाय वजनदार बाईचं हाड भार पेलून दाटच दिसतं. म्हणून मधुमेहात डेक्साचा आकडा, म्हणजे टी-स्कोर, ठिसूळ हाडांची खूण असलेल्या उणे 2.5 पर्यंत उतरलेला नसतानाही फ्रॅक्चर होतं.

"मी तर काटकुळी," म्हणणारीच्या कमरेलाही मी टेप लावते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. बीएमआय दोघांचा 22.3, चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. आपल्याकडच्या बाईची कंबर 80 सेंटिमीटरपुढे गेली की नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नये.

मग मी हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगते. पुष्कळजणी गुडघे दाबतच उठतात. जेवणानंतरची साखर मुख्यतः खपते ती स्नायूंत, आणि तोल सावरतात तेही मांड्यांचे स्नायूच. एकट्या कॅल्शियमच्या गोळीने हे काम होत नाही. चालणं चांगलंच, त्याच्या जोडीला खुर्चीतून उठबस हवी, ताटात उसळ, दही, नाचणी हवी, ड जीवनसत्त्व तपासलेलं हवं. आणि शुगरच्या गोळीच्या पाकिटावर पायोग्लिटाझोन हे नाव असेल तर डॉक्टरांकडे हाडांचा विषय जरूर काढा, कारण या औषधाने बायकांमध्ये फ्रॅक्चरचा धोका वाढतो. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.