राक्षसाने बांधलेला रस्ता

मित्रांनो, आधी एक आयरिश लोककथा ऐका. आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावर फिन मॅककूल नावाचा राक्षस राहत असे. समुद्रापलीकडे, स्कॉटलंडमध्ये, त्याचा वैरी बेनँडॉनर. त्याच्याशी लढायला फिनने दगडी खांब रोवून समुद्रातून रस्ता बांधला. पण वैरी आपल्याहून कितीतरी धिप्पाड आहे हे पाहताच तो घरी पळाला! त्याच्या चतुर बायकोने त्याला बाळासारखे दुपट्यात गुंडाळून निजवले. बेनँडॉनर आला, बाळ पाहून चरकला. 'बाळ एवढे, तर बाप केवढा असेल!' तो रस्ता उखडत परत पळाला. उरली फक्त दोन टोके.

ही 'टोके' आजही दिसतात. उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर सुमारे ४०,००० खांब एकमेकांना खेटून उभे आहेत. बहुतेक षट्कोनी, जणू पाथरवटाने घडवलेले! शंभराहून अधिक किलोमीटर दूर, स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावरही तसेच खांब आहेत.

मग ते घडवले कोणी? लाव्हारसाने. सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी या भागात ज्वालामुखींचे उद्रेक झाले. लाव्हारस थिजून बेसॉल्ट हा काळा खडक बनला. निवताना खडक आकुंचन पावतो, ताण पडतो आणि आटलेल्या तळ्यातील गाळासारख्या भेगा पडतात. तीन भेगा सारख्या कोनांत मिळाल्या की ताण सर्व बाजूंनी सारखा मोकळा होतो. म्हणून षट्कोन जास्त. खडक आत निवत जातो तशा भेगाही खोल जातात आणि खांब तयार होतात. लिव्हरपूल विद्यापीठातील २०१८ च्या प्रयोगांत असे दिसले, की या भेगा ८४० ते ८९० अंश सेल्सिअसला पडतात. म्हणजे खडक घट्ट झाल्यावर, पण चांगलाच तापलेला असताना.

हे घरीही करून पाहा. पेल्यात कॉर्नफ्लोअर आणि तेवढेच पाणी कालवा. ऊब देणाऱ्या दिव्याखाली काही दिवस पूर्ण वाळू द्या. मग गोळा हलकेच फोडा. आत बारीक खांब दिसतील. येथे निवण्याचे काम वाळण्याने केले.

असे खांब आपल्याकडेही आहेत. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल ही टेकडी अशाच बेसॉल्टच्या उभ्या खांबांची आहे.

तेव्हा फिनच्या गोष्टीला हसू नका. तिने सांगितलेले कारण चुकले. पण दोन दूरच्या किनाऱ्यांवरचा दगड एकसारखा आहे, हे निरीक्षण अचूक होते. तुमच्या गावच्या डोंगराचीही एखादी गोष्ट असेल. ती आजीला विचारा, आणि मग डोंगराकडे नीट पाहा. सांगणाऱ्याने तेथे काय पाहिले असेल बरे?